गेली नाही, घालवलीय

"यंदाचा नाताळ माझ्या आजोबांच्या काळासारखा होणार," वायरमनने जेवताना जाहीर केलं. "घरात विजेचा एक दिवा लागणार नाही. मेणबत्त्या लावायच्या, गाणी म्हणायची, आईने गोष्टी सांगायच्या. बस्स."

त्याचंही बरोबर होतं. महिनाभर तो लोकांच्या खिडक्यांवर आणि गच्च्यांवर रंगीत दिव्यांच्या माळा चढवत होता. डोळे मिटले तरी आत लाल-हिरवं लुकलुकायचं. या कामात आपल्या हाताला तोड नाही असं त्याचं ठाम मत होतं. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या वायरमनला, ज्याला सगळे टेस्टर म्हणत, धड स्टुलावरही चढता येत नाही, हे दुसरं मत तर त्याहून ठाम होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने मेन स्विच खाली ओढला. मुलगी मोबाइल चार्ज करायला तो गुपचूप वर करेल, म्हणून फ्यूजही उपसून शर्टाच्या खिशात टाकला.

"अहो, ओव्हनमध्ये केक आहे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मग?"

"मग तो अर्धाच भाजलाय."

"जुन्या काळी ओव्हन होते का?"

"जुन्या काळी काय होतं ते मला नका सांगू. आता याचं काय करू ते सांगा."

तो मेणबत्त्या शोधायला निघून गेला. तिने तो लिबलिबीत केक पातेल्यात उलथला आणि पातेलं आदळून गॅसवर ठेवलं.

मेणबत्त्या लागल्या. वायरमन प्रसन्नपणे आईकडे वळला. "सांग आता, तुमच्या वेळचा नाताळ कसा असायचा?"

"अंधारात बसायचो," आई म्हणाली, "आणि आपल्याकडे वीज कधी येणार म्हणायचो. झाली गोष्ट."

तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर बॅटरी घेऊन उभे होते.

"तुमच्याकडची लाइट गेली वाटतं."

"गेली नाही मास्तर, घालवलीय. मुद्दाम. हा बघा फ्यूज इथे आहे." वायरमनने खिशावर जोरात थाप मारली.

मास्तरांनी खिशाकडे पाहिलंच नाही. "असू दे रे," ते हळुवारपणे म्हणाले. "डॉक्टरसुद्धा आजारी पडतातच की."

मास्तर गेले आणि समोरची शेजारीण इमर्जन्सी दिवा घेऊन आली. तिलाही त्याने छाती ठोकून सांगितलं. तिने दिवा बायकोच्या हातात दिला, आणि जिन्यात नवऱ्याला कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." कुजबुज तळमजल्यापर्यंत पोचली. तळमजल्यावरची माणसं वर आली. वायरमनने त्यांनाही छाती ठोकून सांगितलं. त्याचा आवाज चढत गेला तशा लोकांच्या माना सहानुभूतीने अधिकच हलू लागल्या.

शेवटी नवा कोरा शर्ट घातलेला टेस्टर हत्यारांची पिशवी घेऊन दारात आला.

"मास्तरांचा फोन आला. जेवणावरून उठून आलो."

"तुझी काही गरज नाही," वायरमन म्हणाला. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. "थांबा, सगळेच थांबा. आता दाखवतोच."

तो स्टुलावर चढला. खिशातला फ्यूज काढून जागेवर बसवला आणि मेन स्विच वर ढकलला.

अंधार.

खाली घेतला, पुन्हा वर ढकलला. अंधारच. पुन्हा खाली आलेल्या मास्तरांच्या बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर पडला होता.

टेस्टरने त्याला अदबीने खाली उतरवलं. स्वतः स्टुलावर चढला, तेही अगदी नीट चढला, आणि फ्यूज काढून मेणबत्तीजवळ धरला. "तार तुटलीय."

ती कशी तुटली हे वायरमनला लख्ख कळलं. पण छाती ठोकल्याने तार तुटली, हे या मंडळींना आता छाती ठोकून सांगायचं कसं? टेस्टरने पिशवीतून नवी तार काढली, ओवली, घट्ट पिळली. घर उजळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात आईने वाजवल्या. मुलगी चार्जर घेऊन धावली. बायकोने पातेल्यातला केक, म्हणजे त्यातला जो भाग केकसारखा दिसत होता तो, टेस्टरला बशीत घालून दिला आणि "तुम्ही होतात म्हणून" असंही म्हणाली.

टेस्टरने तो निमूटपणे संपवला. निघताना वायरमनला दाराबाहेर घेऊन म्हणाला, "पुन्हा असं झालं तर संकोच करू नकोस. सरळ फोन कर."

"अरे, गेली नव्हती," वायरमन दातओठ खात म्हणाला. "मी घालवली होती."

टेस्टरने आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळतं रे मला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मागच्या वर्षी मीही अशीच घालवली होती. दोन दिवस सापडत नव्हती."