वाकड्या करंगळीची पात्रता

आमच्या बेटावर मोठ्या होडीचं सुकाणू धरायला एकच पात्रता लागते: डाव्या हाताची करंगळी जन्मतः वाकडी हवी. समुद्राची माहिती असल्यास हरकत नाही.

नियमाला इतिहासाचा आधार आहे. पणजोबांच्या काळी वादळाने बेट धुऊन नेलं. वाचलेल्या मूठभरांत लुएलेन होता, आणि त्याची करंगळी वाकडी होती. तिच्याच जोरावर त्याने माड घट्ट धरला, असं बेटाचा कारभार पाहणारं आमचं मंडळ मानतं. खरं तर डुक्कर चोरलं म्हणून लोकांनी त्याला आधीच समोरच्या उंच बेटावर हाकललं होतं. पण मूळपुरुषाबद्दल असं बोलू नये. आज आम्ही सगळे त्याचेच वंशज, आणि अगदी परवापर्यंत दहातल्या नऊ जणांची करंगळी तशीच होती.

माझी भाची केर्लिना त्या दहाव्यातली. बोट सरळ, पण खडकांमधली वाट डोळे मिटून काढणारी. लहानपणापासून तिला एकच ध्यास, सुकाणूचा. तिने ते मागितलं.

"पोरी, हातात कसब आहे गं तुझ्या, पण करंगळी नाही," अध्यक्ष पेर्नार्तो हळहळले.

"काका, होडी काय करंगळीने चालते?"

लसी टोचायला आलेले डॉक्टर मध्ये पडले. "अहो, माणसं थोडी उरली की कुणाचं काय टिकेल हा निव्वळ योगायोग. त्या दिवशी एखादा जन्मजात बहिरा उरला असता, तर आज निम्मं बेट बहिरं असतं!"

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

मंडळाने ठराव केला की योगायोगाने समक्ष हजर राहून आपलं म्हणणं मांडावं. तो आला नाही. सबब मागणी फेटाळण्यात आली.

मग मंडळ परिषदेसाठी राजधानीला निघालं. सुकाणूवर अध्यक्षांचा मेहुणा, करंगळी अत्युत्कृष्ट. होडी पहिल्याच खडकावर फुटली. केर्लिनाने आपल्या छोट्या होडीतून एकेकाला किनाऱ्याला आणलं. चौकशीत निष्पन्न झालं की सदस्यांनी फळ्या वाकड्या करंगळीने धरल्या होत्या, म्हणून ते वाचले.

"आणि मी?" केर्लिनाने विचारलं.

"तू योगायोगाने तिथे होतीस."

डॉक्टरांच्याच जहाजाने ती कायमची गेली. मी तिला भाजलेला नीरफणस बांधून दिला. रडू आलं, खोटं कशाला सांगू? "मामा, करंगळी जप हं," ती म्हणाली. हळूहळू सरळ बोटांचे बाकीचेही तिच्यामागे गेले. आता बेटावर सगळ्यांची करंगळी वाकडी आहे. सरळ बोट इथल्या हवेत टिकत नाही हे सिद्ध झालं, असं मंडळाने जाहीर केलं.

हसा, हसा. पण वाचता वाचता तुम्ही आपली करंगळी बघून घेतलीत ना? सरळ निघाली म्हणून बरंही वाटलं असेल. मग सांगा, ती मिळवायला तुम्ही नेमकं काय केलं होतंत?