गेनभाऊ आणि दुसरा गट

आमच्या हिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला किती वेळ लागला, हे अख्ख्या कळंबात एकाच माणसानं मोजलं. अकरा मिनिटं चार सेकंद. घोड नदीच्या काठी सगळे हात जोडून उभे होते. कुणी म्हणत होतं तिचा जीव नातवात अडकलाय, कुणी म्हणत होतं म्हशीत. मी खाली मान घालून उभा. तेवढ्यात कावळा शिवला आणि माझ्या मागनं 'टिक' असा आवाज आला. गेनभाऊनं घड्याळ दाबलं होतं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना, अकरा मिन्टं चार सेकंद. लई न्हाई लागलं. माझ्या थोरल्या भावाला पाऊण तास लागला व्हता."

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिथंच पायताण काढलं असतं. गेनभाऊवर राग धरता येत नाही. हा माणूस लग्नात तेच करतो, मयतीत तेच करतो. आणि खोटं कशाला बोलू, 'लई न्हाई लागलं' एवढं ऐकून मला त्या दिवशी बरं वाटलं. बाकीच्यांनी चार तास समजूत घातली, ती एक अक्षर आत गेली नव्हती.

ही खोड त्याला बैलगाड्यांनी लावली. आमच्याकडं जत्रेला गाडे पळतात. खालनं बैल सुटले की वर निशाण पडेपर्यंत किती सेकंद लागले, त्यावर नंबर. त्या सेकंदांवर माणसं वर्षभर भांडतात, सोयरिकी मोडतात. गेनभाऊ तीस वर्षं त्या घड्याळावर बसला. गळ्यात काळ्या दोरीला दोन घड्याळं, एक चुकलं तर दुसरं साक्षीला. गाडामालकांनी त्याला कोंबडं दाखवलं, बाटली दाखवली, एकानं तर कुऱ्हाड दाखवली. तो म्हणायचा, "घड्याळाला पावणं-रावळं नसत्यात, राव." एका गाड्याची बारी, म्हणजे पळ, संपली की दोन्ही हात वर करून ओरडायचा, "झाऽऽली!" ती आरोळी निरगुडसरपर्यंत जाते असं लोक म्हणत. निरगुडसरचे लोक म्हणत नाहीत, पण आमचे म्हणतात.

गाडे पळायच्या घाटावरचं घड्याळ मग घरी आलं. म्हैस किती वेळात दूध देते, भात किती वेळात शिजतो, सगळं मोजायचं. ग्रामसभेत सरपंच बोलायला उभे राहिले की हा मागनं सांगणार, "सरपंच, सव्वीस मिन्टं झाली, अजून पाण्याच्या टाकीवर आला न्हाई तुमी." एका लग्नात मंगलाष्टकं लांबली तर भटजीलाच म्हणाला, "आवरा महाराज, नवरीचं हात दुखाय लागलं."

असा हा माणूस फुटबॉलच्या नादाला लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. फुटबॉल आमच्या गावात आणला सुभेदारानं. मिलिटरीतनं पेन्शन घेऊन आला आणि रिकामं बसवेना म्हणून पोरं गोळा केली. बटाटा काढून झालेल्या रानात खांब रोवले. संघाचं नाव ठेवलं घोडकाठ क्रीडा मंडळ. गेनभाऊ पहिल्या दिवशी बांधावर उभा राहून म्हणाला, "बावीस माणसं आन् येकच चेंडू? प्रत्येकाला येक येक दिऊन टाका की." सुभेदारानं सांगितलं, पंचेचाळीस मिनिटं एक डाव, असे दोन डाव. गेनभाऊचे कान उभे राहिले. "वेळ लावून खेळत्यात? मग घड्याळ कुणाकडं?"

त्या दिवसापासून सरावाचं घड्याळ त्याच्याकडं. सराव संपला की "झाऽऽली!" ओरडायचा आणि पोरं जिथल्या तिथं बसकण मारायची. पोरांना ती आरोळी शिट्टीपेक्षा ओळखीची झाली.

पोरं खेळतही चांगली. आहुप्याकडचा लक्ष्मण तर असा पळायचा की बघत राहावं. डोंगरात जन्म गेलेला, दोन एस्ट्या बदलून सरावाला यायचा आणि आमच्या सपाट रानात पळताना म्हणायचा, "हितं चढच न्हाई, दमायचं कसं?" गोलात बाळू. कांद्याचा टेम्पो चालवायचा, हात फावड्यासारखे. दोन वर्षांत संघ जिल्ह्याच्या तिसऱ्या गटात पहिला आला आणि दुसऱ्या गटात चढला. तिसऱ्या गटाच्या मॅचा मंचरच्या मैदानावर असायच्या. दुसऱ्या गटाच्या सगळ्या तिकडं खाली, भोसरीच्या मैदानावर. दहा संघ, प्रत्येकाच्या नऊ मॅचा, नऊ रविवार. शेवटचे दोन संघ परत तिसऱ्या गटात.

आता टिकायचं कसं, हा गावापुढचा प्रश्न झाला. कळंबच्या फाट्यावरच्या हॉटेलात दुसरा विषय नाही. कांद्याचा भाव कुणी विचारीना. "कंपनीच्या टीमा हायत समद्या. बूट घालून खेळत्यात." "आपली बी घालत्यात." "आपली घालत्यात, पण चावत्यात की रं!" एकजण म्हणाला, नववा नंबर नक्की. दुसरा म्हणाला, नववा कशाला, दहावा म्हण की, लाजतोस कशाला. गेनभाऊ कोपऱ्यातनं म्हणाला, "टिकतोय आपण. लिहून ठिवा."

पहिल्याच मॅचला त्यानं गोंधळ घातला. बैलांवर उधळतात तसा भंडारा त्यानं पोरांवर मूठभरून उधळला. बाळूच्या डोळ्यात गेला. पहिले दोन गोल त्यानं बघितलेच नाहीत. पाच-शून्यानं हरलो. वर हा पंचाकडं गेला आणि विचारलं, घड्याळवाला कुठाय? पंच म्हणाला, वेळ मीच बघतो. गेनभाऊ हादरला. परत आला तो डोक्याला हात लावून. "पंच बी त्योच आन् घड्याळ बी त्याचंच? आरं, ह्यो तर नवरदेवच भटजी झाला! वर म्हणतो, वेळ वाया गेला तर मी जास्तीचा देतो. किती देतो ते बोलत न्हाई, मनात ठिवतो!"

दुसरी हरलो, तिसरी हरलो. हॉटेलात सगळ्यांची तोंडं उतरली. गेनभाऊ मात्र खुशीत. त्यानं नवीनच मोजणी काढली होती. एक घड्याळ मॅचचं, दुसरं फक्त चेंडू आपल्या अर्ध्या भागात असेल तेव्हा चालू. "पयल्या मॅचला चेंडू आपल्या अंगणात येकसष्ट मिन्टं. दुसरीला छप्पन. तिसरीला पन्नास. चढतोय का न्हाई गाडा? हरू द्या की! सेकंद बघा, सेकंद." लोक हसले. चौथी मॅच बरोबरीत सुटली आणि लोक हसायचे थांबले. पाचवी जिंकली तेव्हा गावच्या एसटीडी बूथवर फोन आला, आणि बूथवाल्यानं दुकान उघडं टाकून पेढे आणायला पळ काढला.

ह्याच दिवसांत आमची ही गेली. मी घरातनं निघेना झालो. एका रविवारी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. गेनभाऊ आत आला, माझा सदरा खुंटीवरचा काढून अंगावर टाकला. "ऊठ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कुणाला कळतंय? घरात बसून वेळ मोजीत बसलाय व्हय? मोजायचं काम माझं. तू वरडायचं काम कर."

गेलो. पोत्यांवर बसून, हाडं खिळखिळी करून गेलो. आणि सांगतो, लक्ष्मण कडेनं चेंडू घेऊन सुटला तेव्हा मी उभा कधी राहिलो ते मला कळलं नाही. घसा बसला. सतराव्या दिवशी माणूस असं ओरडतो का, म्हणून मला लाज वाटली. गेनभाऊ बघून म्हणाला, "वरड की. वहिनींनी नको म्हणलं आसतं व्हय?" नसतं म्हटलं. तिनं स्वतःच शिव्या घातल्या असत्या पंचाला.

शेवटची मॅच आली तेव्हा आम्ही आठवे. नवव्या संघापेक्षा एकच गुण पुढं, आणि त्यांची शेवटची मॅच ते त्याच दिवशी सकाळी जिंकून आमच्या पुढं जाऊन बसले होते. बरोबरीनं भागणार नाही, आम्हाला जिंकायलाच पाहिजे. समोर कंपनीचा संघ. गावातनं दोन टेम्पो, एक जीप आणि सात मोटारसायकली गेल्या. ताशा घेतला, भंडारा सुभेदारानं काढून घेतला.

पहिल्या डावात लक्ष्मणनं गोल केला. तो कसा केला ते मला सांगता येत नाही, कारण पुढचा माणूस माझ्या डोक्यावर चढला होता. मग ते सगळे आमच्या अंगावर आले. गेनभाऊचं दुसरं घड्याळ थांबेचना. चेंडू आमच्याच अंगणात. बाळूनं एक छातीवर घेतला, एक तोंडावर घेतला. "किती ऱ्हायली?" "आठ." "आता?" "आठच! सारखं इचारू नको, सेकंद चुकतो." दोन्ही घड्याळं त्यानं छातीशी घट्ट धरली होती. तीस वर्षांत कुऱ्हाड बघूनही त्यानं ती अशी धरली नव्हती.

नव्वद मिनिटं भरली. चेंडू बाळूच्या हातात होता. आणि गेनभाऊ, सवयीनं, जन्माच्या सवयीनं, दोन्ही हात वर करून ओरडला, "झाऽऽली!"

बाळूनं चेंडू खाली ठेवला. आमची तीन पोरं मैदानात बसली. सरावाला बसायची तशी, पाय पसरून. शिट्टी झालीच नव्हती. पंच मनातला वेळ चालवत होता. त्यांचा एक काळा उंच गडी आला, चेंडू बाळूसमोरनं उचलल्यासारखा घेतला आणि रिकाम्या गोलाकडं मारला. आमच्या बाजूनं आवाज बंद. ताशावाल्याची टिपरी वरच राहिली. गेनभाऊचे हातही वरच.

लक्ष्मण एकटा बसला नव्हता. तो पार पलीकडच्या कडेला होता, तिथं आरोळी नीट पोचली नसावी, नाही तर डोंगरातल्या माणसाला शिट्टीशिवाय थांबायची सवय नसावी. तो कुठनं आला ते कुणीच बघितलं नाही. गोलाच्या रेघेवर आडवा पडला आणि चेंडू त्याच्या गुडघ्यावर आपटून बाहेर गेला. मग शिट्टी झाली. खरी.

पुढं काय झालं ते विचारू नका. सुभेदार रडत होता. बाळू लक्ष्मणला खांद्यावर घेऊन भलत्याच दिशेला पळत होता. मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली, तो समोरच्या कंपनीचा निघाला, तरी सोडला नाही. टिकलो! कळंबचा संघ दुसऱ्या गटात टिकला!

गेनभाऊ मात्र होता तिथंच खाली बसला होता. तोंड पांढरंफटक. सुभेदार येऊन म्हणाला, "गेनभाऊ, तुमच्या एका आरोळीनं वर्ष गेलं असतं." तो थट्टेनं म्हणाला होता. गेनभाऊनं गळ्यातली दोन्ही घड्याळं काढून खिशात घातली.

टेम्पो निघायला लागले तसा गेनभाऊ म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी एस्टीनं येतो." हे तो दर रविवारी म्हणायचा. आम्हाला वाटायचं, पंचाशी भांडायला मागं राहतो. त्या दिवशी त्याचं तोंड बघून मला त्याला एकटं सोडवेना. मीही उतरलो.

टेम्पोतनं त्यानं एक पिशवी काढली. बटाटे, घेवडा, तुपाची बरणी. आम्ही चालायला लागलो.

"कुठं निघालोय?"

"सुमनकडं."

सुमन म्हणजे त्याची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली, ह्यानंच वेणी घालून शाळेत पाठवलेली. भोसरीला दिली, हे मला ठाऊक होतं. तिच्या लग्नात अक्षता मीच वाटल्या होत्या. पण मैदानापासनं तिचं घर दहा मिनिटांवर आहे, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"आरं मग दर रविवारी इथंच येतोस? बोलला न्हाईस कधी."

"काय बोलायचं, नाना? सासू-सासरं, दीर, भरलं घर हाय. बाप आठ दिवसाला दारात हुबा ऱ्हायला तर त्यांना वाटायचं, पोरीला हितं काय दुखतंय का काय. तिला दुखत न्हाई काय. चांगली माणसं हायत." थोडा चालला. "मॅच हाय म्हणलं की कुणी काय म्हणत न्हाई. वाटंवर व्हतं, डोकावलो. तिसऱ्या गटात गेलो आसतो तर मॅचा मंचरला. मंचरच्या वाटंवर भोसरी कशी आणायची, सांग मला."

मी त्याच्या हातातली पिशवी माझ्याकडं घेतली.

पत्र्याच्या फाटकाशी सुमन उभी होती. ओटीवर सासू गहू निवडत बसली होती, ती म्हणाली, "या पावणं. दुपारधरनं हितंच हुबी हाय, चहा बी घेतला न्हाई हिनं." सुमननं पिशवी घेतली नाही, पाणी विचारलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

"आबा, टिकलो का?"

 गेनभाऊनं मान हलवली, हो म्हणून. सुमन खाली बसली आणि बोटांवर मोजायला लागली, पुढल्या सालचे रविवार. मी चपलेचा पट्टा सोडायला वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.