मामाचं प्रोटीन

आमच्या घराण्यात एक प्रथा आहे. लग्नात मामा नवरीला हातांवर उचलून बोहल्यावर आणतो. प्रथा पडली तेव्हा नवऱ्या परकरातल्या असायच्या आणि मामा म्हणजे खांद्यावर दोन-दोन फणस टाकून रत्नागिरीचे चढ चढणारे गडी. पुढे नवऱ्या पदवीधर झाल्या, मामा डिस्पॅच क्लार्क झाले, पण प्रथेला हे कुणी कळवलंच नाही.

माझी एकुलती एक भाची सलोनी, तिच्या साखरपुड्यात हा विषय निघाला. माझा चुलतभाऊ भूपेश घोडबंदरहून बुलेटवर आला होता. हा माणूस शर्टाची वरची तीन बटणं लावत नाही, कारण ती लागतच नाहीत. तो माझ्या बहिणीला म्हणाला, "मंदाताई, सलोनीला उचलायचं काम माझ्याकडे लागलं. जयकुमारदादाला आता पन्नाशीत कशाला त्रास? त्याने आपल्या अक्षता वाटाव्या."

माझ्या तोंडात जिलबी होती. ती संपेपर्यंत थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

"सख्खा मामा जिवंत आहे," मी म्हणालो. "मी एकटा उचलणार. स्टेजच्या पायऱ्यांसकट."

(पायऱ्यांचं कुणी विचारलं नव्हतं. जीभ एकदा सुटली की पायऱ्याही चढते.)

मंदाताईने डोळ्यांना पदर लावला. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटाच. "जया, माझ्या माहेरचा मान राखलास रे," ती म्हणाली. झालं. आता मागे फिरायचं म्हणजे बहिणीचं अख्खं माहेर भूपेशच्या बुलेटवर बसवून पाठवून देण्यासारखं होतं.

घरी आल्यावर आमच्या सौ. शुभदाने पंखा लावला आणि विचारलं, "सलोनी किती किलोची आहे, कल्पना आहे का?"

"फूल आहे ती."

"फूल बासष्ट किलोचं आहे. आणि तुम्ही गॅसवाला आला की बाथरूममध्ये जाऊन बसता."

दुसऱ्या दिवशी मी केबिन रोडजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर साईराज हा अंगापिंडाने भरलेला पोरगा. देवाने त्याला मान दिलीच नाही आणि तो माल खांद्यांत वापरला. त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने लग्न कधी आहे विचारलं. तुळशीचं लग्न आटोपलं की लगेच, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांत, असं मी सांगितल्यावर त्याने बोटांवर आठवडे मोजले.

"वेट ट्रेनिंग मी करून घेतो, काका," तो म्हणाला, "पण मसल जिममध्ये नाही बनत. किचनमध्ये बनतो. तुमचं वजन अडुसष्ट ना? रोजचं शंभर ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. मग टेन्शन नाही."

हे वाक्य शुभदाच्या कानावर पडायला नको होतं. पण ती फी कमी करून घ्यायला बरोबर आली होती. शुभदाने एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं हे आमच्या बिल्डिंगला माहीत आहे. तिने एकदा पाण्याची टाकी धुऊन घेतली होती, तेव्हापासून आमचे सेक्रेटरी तिला जिन्यात बघून वर जायचे ते खाली येतात.

संध्याकाळपर्यंत फ्रिजवर तक्ता लागला. केकसाठी आणलेला वजनकाटा ओट्यावर आला. सकाळी अंड्यांचं पांढरं, दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पनीर, जिमनंतर खायला डबा, रात्री मुगाचे घावन. सगळं मोजून. मी वाटीतून एक चणा उचलला तर ती म्हणायची, "ठेवा खाली, काटा हलला." अंड्यांचं पिवळं ती खालच्या मांजराला द्यायची. त्या मांजराचं अंग असं भरलं की गल्लीतली कुत्री त्याला बघून रस्ता ओलांडायला लागली.

बाकी सगळं मी सहन केलं असतं. पण तो डबा. तुम्ही नुसते उकडलेले सोयाचे गोळे कधी खाल्लेत? स्पंजची चप्पल पावसात भिजवून पिळली तर तशीच लागेल, फक्त चपलेला थोडी चव असेल. सोबत तेल-तिखट न लागलेली कोंबडी. वाटण नाही, खोबरं नाही. त्या कोंबडीकडे बघून मला भडभडून यायचं, की बाई, तू फुकट गेलीस.

तीन दिवस खाल्लं. चौथ्या दिवशी जिमच्या बाकावर सलोनी बसलेली दिसली. तिने तिथेच ब्रायडल पॅकेज घेतलं होतं. तोंड एवढंसं झालं होतं.

"काय गं, बरं नाही का?"

"भूक लागलीय, मामा. ब्लाऊज बसला पाहिजे म्हणून आई काकडी आणि ताकावर ठेवतेय. काल स्वप्नात मी उशी खाल्ली." मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "तुझ्या डब्यात काय आहे?"

"शिक्षा."

"दाखव."

मी झाकण काढलं. पोरीने उभ्या उभ्या डबा रिकामा केला. शेवटचा सोयाचा गोळा तोंडात टाकताना तिचे डोळे मिटले होते. "मामीच्या हाताला काय चव आहे रे," ती म्हणाली. यावरून तिची भूक किती होती ते ओळखा.

"आईला सांगू नको."

"तू मामीला सांगू नको."

मामा-भाचीचा करार झाला. माझा डबा ती खाणार आणि मी जिमसमोरच्या गाडीवर वडापाव खाणार. (दोन. एक भुकेसाठी आणि एक पहिल्याला सोबत म्हणून.) भुकेलेल्या भाचीला जेवू घालण्यासारखं पुण्य नाही, असं मी मनाशी म्हणायचो आणि लसणीची चटणी जास्त मागून घ्यायचो.

घरी शुभदा डबा उघडून बघायची. चाटूनपुसून लख्ख. "अंगाला लागतंय हो तुमच्या," ती खूश व्हायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भर टाकायची. आधी एकपुडी डबा होता, त्याचा दोनपुडी झाला, दसऱ्याला तीनपुडी. माझी पॅंट घट्ट व्हायला लागली. ती म्हणाली, मांड्या भरल्या. मी बटाटा हा शब्द तोंडातून काढला नाही.

मग तिला वाटलं, आता तालीम व्हायला हवी.

"उचला मला," रविवारी दुपारी ती हॉलमध्ये उभी राहून म्हणाली. "मी सलोनीपेक्षा हलकी आहे. सोफ्यापासून गॅलरीपर्यंत न्या."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिने असं काही कधी सुचवलं नव्हतं. मी उचलली. सोफा सुटला, टीव्ही गेला, फ्रिजपाशी मात्र माझे गुडघे एकमेकांशी बोलायला लागले. तेवढ्यात शेजारच्या हंसाबेन वाटी परत द्यायला दारातून आत आल्या. त्यांना दिसलं ते असं, की शुभदा माझ्या हातांत आडवी लोंबतेय, मी घामाने निथळतोय आणि माझे डोळे बाहेर आलेत.

"अरे बाप रे, शुभदाबेनने शुं थयुं?"

"कुछ नहीं, हंसाबेन," शुभदा आडवी आडवीच म्हणाली. "प्रॅक्टिस चालू है।"

"किस चीज की?"

"शादी की," मी म्हणालो.

हंसाबेननी वाटी जमिनीवर ठेवली आणि हळूच दार ओढून घेतलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्या आमच्याकडे न बघता नुसत्या हसतात.

इकडे जिममध्ये सलोनी खुलत चालली होती. काकडीने गेलेला रंग परत आला. आधी नुसती ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायची, ती वजनं उचलायला लागली. एके दिवशी सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झालेली. तिने जमिनीवरचा लोखंडी दांडा, दोन्हीकडे चकत्या लावलेला, कमरेपर्यंत सहज उचलला, थोडा वेळ धरला आणि लोणच्याची बरणी ठेवावी तसा खाली ठेवला. नव्वद किलो. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. "माझी भाची," मी ओळख नसलेल्या दोघांनाही सांगितलं.

साईराज माझ्याजवळ आला. "काका, हिचा डाएट कोण बघतं माहीत नाही, पण एकदम बेस्ट चाललाय. या, गंमत दाखवतो." त्याने सलोनीला काट्यावर उभं केलं. काटा एकोणसत्तरवर थांबला.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"नाही काका. मसल जड असतो ना. बघायला गेलं तर ती बारीक झालीय. पण सात किलो वाढलीय."

मी त्या काट्याकडे बघत राहिलो. तीन महिने माझी बायको रोज वजन करून जे प्रोटीन रांधत होती, ते मी माझ्या हाताने, प्रेमाने, त्याच मुलीला भरवत होतो जिला मला उचलायचं होतं. ओझं वाढवलं मी आणि हमाल ठेवला वडापाववर.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आजपासून डबा आपला. बाकावर बसून पहिला गोळा तोंडात टाकला. सलोनी समोर येऊन उभी राहिली.

"आज तू खाणार का, मामा? बरं, राहू दे. घरी काकडी आहे."

तुम्हाला भाची असेल तर पुढचं सांगायला नको. मी खालचे दोन पुडे तिला दिले. वरचाही दिला.

लग्न घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. नवरीच्या खोलीपासून स्टेजपर्यंत लाल गालिचा आणि शेवटी चार पायऱ्या. हॉल गच्च भरलेला. नवरदेव बोहल्यावर उभा, पुढ्यात अंतरपाट. गुरुजींनी माईक तोंडाजवळ धरला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

भूपेश गालिच्याच्या कडेला उभा राहून बाह्या वर करत होता. मंदाताई स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अख्खं माहेर होतं.

मी वाकलो, एक हात सलोनीच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि उचललं. खरंच उचललं. साधारण मंगलाष्टकातली एक ओळ होईल इतका वेळ ती माझ्या हातांवर होती. मग माझ्या कमरेत कुणीतरी अडकित्त्याने सुपारी फोडली. सलोनी आपल्या पायांवर उतरली आणि मी प्रश्नचिन्हासारखा वाकलेला राहिलो.

"मामा?"

"सरळ होता येत नाहीये."

"लोक बघतायत."

"मला नुसती जमीन दिसतेय, पण तेवढं कळतंय."

"भूपेशमामा येतोय," ती कानात म्हणाली. "तू असं कर, माझ्या गळ्यात हात टाक."

"अगं, उलटं होतंय ते."

"टाक रे."

तिने नऊवारी नेसली होती, म्हणजे पाय मोकळे. तिने मला सोयाच्या पिशवीसारखं अलगद उचललं. वाजंत्रीवाल्यांनी एक सूर गिळला आणि मग दुप्पट जोरात वाजवायला घेतलं. गालिच्यावरून नवरी चालली होती, तिच्या हातांवर फेट्यातला मामा. फोटोग्राफर उलटा चालत सांगत होता, "अंकल, थोडा स्माईल." भूपेश खुर्चीवर जाऊन बसला. चार पायऱ्या तिने न थांबता चढल्या. पायऱ्यांसकटचा माझा शब्द तसा खरा झाला, फक्त वर मी होतो.

तिने मला थेट नवरीच्या पाटावरच उतरवलं. अंतरपाटाखालून नवरदेवाला पहिले पाय दिसले ते माझे. तो बिचारा जरा मागे सरकला.

गुरुजी माईकवर म्हणाले, "मामांनी मुलीला... मुलीने मामांना... असो. सावधान."

मला ओढून बाजूला घेतलं, लग्न लागलं. मंदाताई रडत होती आणि हसतही होती. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आलास ना रे वरपर्यंत. आणखी काय हवं मला." मला बरं वाटलं. तेवढ्यात सलोनी शुभदाच्या गळ्यात पडली. "मामी, सगळी तुझ्या डब्याची कमाल. एक दिवस नाही चुकवला मी."

शुभदाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही. पोटाकडे.

एवढ्यात नवरदेवाची आजी, जिजाबाई, काठी टेकत माझ्यापर्यंत आली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काळजी करू नका हो, व्हाल बरे. पण पोरगी तुमची लाखात एक. आजारी मामाला मागे ठेवलं नाही, उचलून आणलं. आमचीही काळजी मिटली."

"आजी, मी आजारी नाही..."

"आजारी माणूस कधी कबूल करतो का?" आजी म्हणाली आणि काठीच्या इशाऱ्याने तिने वाढप्यांना बोलावून घेतलं.

पंगत बसली. सगळ्यांच्या पानांत पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी आणि जिलब्या. भूपेशच्या पानात तर जिलब्यांचा ढीग. मला भिंतीला टेकवून, मागे उशी देऊन वेगळं बसवलं होतं. आजीने खास सांगून करवून घेतलेलं ताट माझ्यापुढे आलं. मऊ भात आणि मुगाचं बिनतेलाचं, बिनतिखटाचं पाणी.

मी शुभदाकडे केविलवाणं बघितलं. ती जिलबी मोडत होती.

"बघताय काय," ती म्हणाली. "खा मुकाट्याने. मुगात प्रोटीन असतं."