टाकीवरचे आबा

आमच्या वर्कशॉपात नवा माणूस आला की आबा आधी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायचे, मग नाव विचारायचे. एकदा तपासणीला आलेल्या गोऱ्या साहेबाच्याही ओठाशी त्यांनी खडा नेला. साहेब बिचारा दोन पावलं मागे सरला.

हे लढाईच्या दिवसांतलं. लोणावळ्याला लष्करी गाड्या दुरुस्तीला यायच्या आणि मी तिथं फिटर होतो. इंजिनचे ओशट सुटे भाग एका मोठ्या टाकीत बुडवून धुवायचे. टाकीतल्या पातळ औषधाला गोडसर वास होता. तासभर त्यावर वाकलं की डोकं गरगरायचं, उगाच हसू यायचं. आबा कुरवंड्याहून चालत येत आणि दिवसभर त्या टाकीवर वाकलेले असत. दुपारी असे हसत सुटायचे की मुकादमानं एकदा दारूच्या संशयानं त्यांचं तोंड हुंगलं.

"काय आलं?" आबांनी विचारलं.

"गूळ," मुकादम म्हणाला.

"मंग? टाकीतलं इख गूळ मारतो. तुमी बी खावा."

टाकीची पाळी दर आठवड्याला बदलायची, पण आबा ती कुणाला देतील तर शपथ. "लांब हो, तुला न्हाई जमायचं," म्हणून खेकसायचे. म्हाताऱ्याला वासाची चटक लागलीय, असं आम्ही म्हणायचो. त्या चेष्टेत मीच सगळ्यांच्या पुढे असायचो, आता लपवून काय उपयोग?

पुढे आबांच्या हातांची कातडी सोलवटली, डोळे पिवळे पडले, पोटात अन्न ठरेना. ते घरी बसले आणि टाकी माझ्याकडे आली. चार दिवसांत माझं डोकं फुटायला लागलं. दवाखान्यात गेलो तर डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "गुळानं काही होत नाही. त्या टाकीतल्या औषधाची वाफ श्वासातून आत जाते. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर ते काम सोडा."

हे आबांना सांगायचंच, असं ठरवून मी रविवारी कुरवंड्याला गेलो. आबा घोंगडीवर पडून होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"टाकीवर आता कोन हाय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मीच की, आबा."

ते कोपरावर उठले. "तुला कुनी धाडलं तितं? तुजी पोरगी अजून रांगतीया. मी कुनाला हात लावू देत नव्हतो, ते काय मौज म्हनून? माज्यामागं रडायला हाय कोन?"

मला शरम वाटली. डॉक्टरांचं म्हणणं सांगायचं राहूनच गेलं.

आबांनी भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. पण ते पुन्हा खाली बसले.

"जरा दम खातो," ते म्हणाले. "उंद्या येतो कामाव. तवर तू टाकीपाशी जाऊ नगंस."