सत्तारभाई आणि बेटावरचा चीरक

सत्तारभाई आधी खिशातून पीस काढायचे आणि मग सलाम करायचे. पीस कॅसेटच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलेलं असे. "पाहा सर, बेटावरचं हाये. याचं रक्त अलग निंगते का नाही, ते सांगा."

मी पुसदला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. आमच्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल नीट दिसली तरी मुलं खूश व्हायची. त्यातून यांना जनुकं कुठून दाखवू?

पण चूक माझीच. सत्तारभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. एकदा ते माझा रेडिओ उघडून बसले होते, आणि बोलायला विषय हवा म्हणून मी सांगितलं, की छोट्या बेटावर अडकलेले पक्षी आपापसातच जोड्या लावतात. पिढ्यानपिढ्या तसं चाललं की त्यांचं रक्त वेगळं होत जातं, गाणंसुद्धा. सत्तारभाईंनी पेचकस खाली ठेवला. "म्हंजे बेटीव्यवहार बंद झाला का जात अलग." इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही. रेडिओ मात्र महिनाभर उघडाच राहिला.

जवळच्या धरणात एका टेकाडाचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिलेला. वर बोरीबाभळी आणि थोडे चीरक. काळा, शेपटी उभी धरणारा, जमिनीलगत उडणारा हा पक्षी पाणी ओलांडतच नाही, असं सत्तारभाईंनी परस्पर ठरवून टाकलं. "अहो, जात बदलायला लाखो वर्षं लागतात," मी म्हटलं. "तीस तं झाले ना धरणाले," ते म्हणाले.

त्या वर्षांत कापसानं सगळ्या जिल्ह्याची झोप उडवली होती. दुकानात येणारा प्रत्येक जण बोंडअळीवर नाहीतर भावावर बोलायचा. सत्तारभाई सगळं ऐकून घेत आणि विचारत, "तुमच्या वावराच्या धुऱ्यावर चीरक हाये का?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. जसं काही मीच त्यांना बिघडवलं होतं.

कापसाची झळ त्यांच्या घरालाही लागली होती. मुलगा जावेद जिनिंग गिरणीत कामाला होता. पाच वर्षांपूर्वी ती बंद पडली तसा तो बायको आणि तान्ह्या पोराला घेऊन भिवंडीला गेला. रविवारी शेजारच्या एसटीडीवर त्याचा फोन येई. एकदा मी तिथेच होतो. सत्तारभाई नातवाशी बोलले. त्यांच्या घरची बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. मग रिसीव्हर ठेवून म्हणाले, "अयान म्हन्ते, दादाजान, तुमचं बोलनं समजतच नाही." आणि लगेच, "चला सर, डोंगेवाला थांबला असन." आणखी एक रविवार बेटावर उन्हात जाणार म्हणून मी चिडलेला होतो. पुढे काही विचारलं नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी पुरावा आणला. दुकानामागच्या चीरकाचं गाणं मोठ्या टेप-मशीनवर भरलेलं, बेटावरच्याचं खांद्याला लटकवायच्या छोट्या मशीनवर. दोन्ही कॅसेटी मोठ्या मशीनवर वाजवल्या. बेटावरचा खरोखरच बारीक आवाजात, घाईघाईनं गात होता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात टेपमध्ये एक लहान मुलगी कुरकुरली, "सत्तारभाई, पुरे आता, ऊन झालं."

तो मी होतो.

छोट्या मशीनचा टेप फिरवणारा बेल्ट ढिला. भरताना टेप हळू फिरली, म्हणून मोठ्या मशीनवर सगळंच भराभर आणि चिरकं. अख्ख्या तालुक्याचे बेल्ट बदलणाऱ्या माणसाला स्वतःचा दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सहा महिन्यांचं हसू मी तिथेच हसून घेतलं. सत्तारभाईंनी नवा बेल्ट घातला आणि म्हणाले, "आता इथलं गानं तिथं वाजवू. त्याले समजते का, पाहू."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बेटावर. त्यांनी दुकानामागच्या चीरकाची कॅसेट लावली. मिनिटभरात एक चीरक आला, मशीनसमोरच्या दगडावर शेपटी उभारून बसला आणि तेच गाणं गाऊ लागला.

"आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं वाटलं त्याला," मी म्हणालो. "जात एकच आहे. संपलं तुमचं संशोधन." त्यांचं तोंड पडेल अशी माझी खात्री होती. खरं म्हणजे तशी इच्छाच होती.

"म्हंजे वळखलं त्यानं?"

"ओळखलं."

"तीस वर्षांनंबी?"

"हो, म्हटलं ना."

सत्तारभाईंनी रुमालानं डोळे पुसले. "अयानसाठी एक क्यासेट भरली होती, सर. धाडलीच नाही. वाटे, पोराले समजत नाही तं कायले धाडा. आन तेबी ढिल्या बेल्टावरच भरली."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्यांनी कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि बसून राहिले. टेप नुसती फिरत होती. मी पहिल्यांदाच ऊन झाल्याची कुरकुर केली नाही. शेवटी ते मशीनवर वाकले.

"अयान बेटा, मैं दादाजान. वळखलं का रे?"