सरासरी वाऱ्याचं शीड

होडीचं पुढचं शीड अंदाजपंचे घ्यायचं नसतं, असं गणिताच्या निवृत्त सरांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी वर्षभर रोज गच्चीवर जाऊन वारा मोजला. सरासरी निघाली बारा नॉट.

शीड शिवणाऱ्यानं विचारलं, "मोठं हवं की लहान? मंद वाऱ्याला मोठं लागतं, सोसाट्याला लहान."

"बारा नॉटचं," सर म्हणाले. "तसूभरही इकडेतिकडे नको."

सरांना घाई होती. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, एकदाच होडीत यायचं कबूल केलं होतं आणि अट घातली होती, "मी घाबरले तर होडी विकायची." सरांनी शब्द दिला होता.

रविवारी सकाळी दोघं निघाली. वारा होता सहा नॉट. नवं शीड दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं लोंबत होतं. मागून एक बदक आलं, त्यांच्याकडे बघत पुढे निघून गेलं.

"अहो, आपण निघालोय ना?"

"वारा सरासरीपेक्षा कमी आहे."

"वर्षात नेमका बारा किती दिवस होता?"

सरांनी वही चाळली. "दोन."

"फक्त दोन?"

"अगं, सरासरी म्हणजे रोज तसंच असतं असं नाही."

"हेच मी म्हणणार होते."

दुपारी वारा अठरावर गेला. सहा आणि अठरा, सरासरी बारा; सरांना क्षणभर समाधानच वाटलं. तेवढ्यात होडी अशी कलली, की डबा, थर्मास आणि सरांची वही एकाच कोपऱ्यात गोळा झाली. सर सुकाणूला घोरपडीसारखे चिकटले. आता होडी गेलीच, बुडून नाही तर विकून.

"ही दोरी कसली?" बाईंनी विचारलं.

"शीड गुंडाळायची. धक्क्यावर परतल्यावर."

"आत्ता निम्मं गुंडाळलं तर?"

"मग त्याचा आकार चुकेल ना!"

बाईंनी दोरी ओढली. शीड निम्मं झालं आणि होडी शहाण्या मुलीसारखी सरळ बसली. बाईंनी पदर खोचला. "सरका जरा. सुकाणू द्या इकडे."

होडी विकली नाही. पुढच्या रविवारी बाई आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन लांबवर चक्कर मारून आल्या. तिघांना जागा होती, पण बहीण म्हणाली, "भाऊजी आले की फार समजावून सांगतात." सर धक्क्यावर उभे राहून दोघींना हात करत होते.