घोरपडआक्काचा अंगभर पोशाख

एका जंगलात, बाळांनो, थंडी भरपूर होती आणि ऊन बेताचं. झाडी इतकी दाट की ऊन खाली उतरायचंच नाही. उतरायचं ते एका काळ्या शिळेवर. म्हणून हिवाळ्यात सकाळ झाली की सगळ्या जणी त्या शिळेवर येऊन पसरायच्या. हत्तीण, अस्वलीण, लांडोर, सशीण. कोण कुणाच्या अंगावर पाय टाकून पडलंय, याची कुणी चौकशी करत नसे.

नवरे कुठे होते, असं मध्येच विचारू नका. नवरे झोपले होते.

सगळ्यांच्या आधी यायची घोरपडआक्का. तिची अडचण निराळी होती. अस्वलिणीला ऊन नाही मिळालं तरी अंगावर केस होते. घोरपडीचं रक्तच थंड. अंग उन्हात शेकलं तर हातपाय हलणार, नाहीतर नुसतं लाकूड. आदल्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं तेव्हा तिचा नवरा बिळात आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. तिला मरायचं नव्हतं. दुसरं काही तिचं मागणं नव्हतं.

अशात सर्कशीतून निवृत्त झालेली एक सिंहीण जंगलात परत आली. अंगात तंबूच्या जुन्या कापडाचा झगा, गळ्यापासून शेपटीपर्यंत. सर्कशीत रोज समोर बसलेल्या बायका बघून बघून पोशाखाबद्दल तिची मतं फार पक्की झाली होती. ती शिळेपाशी आली, थबकली आणि डोळ्यांवर पंजा धरून म्हणाली, "अगंबाई! सगळ्या उघड्या?"

सगळ्यांनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. सशीण तर इतकी लाजली की तिने दोन्ही कान तोंडावर ओढून घेतले.

दुसऱ्याच दिवशी 'शालीन शृंगार महिला मंडळ' निघालं. सिंहीणबाई अध्यक्षा, कारण त्यांना दात होते. लांडोरताई चिटणीस, कारण त्या बोलावलं नसतं तरी आल्याच असत्या. मंडळाने ठराव केला की यापुढे शिळेवर तीच बसेल, जिचा पोशाख अंगभर असेल, साधा असेल, जुन्यापान्यातून जमवलेला असेल आणि तरीही चारचौघींत उठून दिसेल.

हत्तिणीने सोंड वर केली. "साधा म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये असा ना? मग तो उठून कसा दिसायचा?"

"तेच तर कौशल्य आहे," सिंहीणबाई म्हणाल्या. हत्तिणीने सोंड खाली घेतली. दातांपुढे कुणाचं चालतं?

आता जुनंपानं आणायचं कुठून? जंगलात साळिंदरमावशी नावाची एक बोहारीण होती. तुमच्या गल्लीत येते ना, जुनी साडी घेऊन पातेलं देणारी, तशीच. फक्त हिला बोचकं लागत नसे. पाठीवर काटेच काटे, आणि काट्याकाट्याला माल अडकवलेला. सापाची कात, हरणाची केसाळ पट्टी, कोळ्याची जाळी. चालतंबोलतं दुकान. ती कपडा द्यायची आणि बदल्यात अंगावरचं काहीतरी घ्यायची.

मग काय, झुंबड उडाली. अस्वलिणीने अंगावरचे केस उतरवून दिले आणि एक शेवाळाची शाल घेतली. केस होते तोवर तिला थंडी माहीत नव्हती. आता शालीत तिचे दात वाजू लागले. लांडोरताईंनी झोपलेल्या मोराचा पिसारा काढून दिला आणि तपकिरी पानांचा घोळदार झगा घेतला. लांडोर मुळातच तपकिरी. झगा घातल्यावर ती पूर्वीसारखीच दिसू लागली, पण आता ते तिचं कर्तृत्व होतं. सशिणीने मऊ लव देऊन टोपडं घेतलं. ते त्याच लवेचं निघालं. मावशीने रातोरात विणलं होतं.

पूर्वी त्या जंगलात नागडं असं कुणी नव्हतं, बाळांनो. कपडे आल्यावर आतून सगळ्याच नागड्या झाल्या.

आक्काला मात्र शिळेवर पाऊल टाकू देईनात. झाडाखालच्या सावलीत ती दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी डावा पाय हलेना. तेव्हा ती फरफटत मावशीकडे गेली.

"मावशी, काहीतरी घाल माझ्या अंगावर. मला उन्हात जायचंय."

"देशील काय?" मावशीने तिला वरून खाली न्याहाळलं. "केस नाहीत, पीस नाही. तुझी कात म्हणजे नुसत्या खपल्या. त्याची धड चुंबळसुद्धा व्हायची नाही गं."

आक्काने गेल्या सालच्या पिल्लांच्या अंड्यांची टरफलं जपून ठेवली होती. ती तिने पुढे केली. मावशीने एक टरफल दाताखाली धरून पाहिलं. "गुंड्या होतील," ती म्हणाली. "ये, बस."

आधी तिने धामणीची कात काढली. कात आक्काला अगदी बेतून घेतल्यासारखी बसली, पण सापाला हात नसतात, त्यामुळे कातीला बाह्या नव्हत्या. बिनबाह्यांचं मंडळ चालवून घेणार नव्हतं. मावशीने डोकं खाजवलं, चार काटे पडले, आणि तिला सुगरणीचे दोन रिकामे खोपे आठवले. लांबुळके, विणलेले, खाली नळीसारखे. ते तिने आक्काच्या हातांत चढवले. खाली सागाच्या वाळक्या पानांचा घागरा. डोक्यावरून जाळीची ओढणी, तिच्यात दोन वाळलेल्या माश्या तशाच ठेवलेल्या.

"माश्या काढ की," आक्का म्हणाली.

"असू देत. नक्षी आहे ती."

आक्काचा बेत सोपा होता. एकदा शिळेवर शिरकाव झाला की कोपऱ्यात बसायचं, ओढणी जरा सरकवायची, घागरा जरा वर घ्यायचा आणि गुपचूप पाठ शेकायची.

पण ती शिळेवर चढली आणि सगळ्यांचा श्वास अडकला. "काय साधेपणा!" लांडोरताई किंचाळल्या. "आणि त्या बाह्या! कुठून आणल्यास गं?" सिंहीणबाईंनी तिच्याभोवती फेरी मारली, बाह्या हुंगल्या, माश्या निरखल्या, पोशाखाची स्पर्धा जाहीर केली आणि तिथल्या तिथे तिला पहिला क्रमांक दिला. पहिल्या क्रमांकाची जागा शिळेच्या मधोमध, भर उन्हात, सगळ्यांच्या नजरेसमोर.

आता ओढणी सरकवायची कशी? वर लखलखीत ऊन होतं आणि आक्काला त्यातलं चिमूटभरही पोचत नव्हतं. कात, वर पानं, वर जाळी. आधी तिची शेपटी आखडली. मग मान. मग जीभ. बायांनो, मी मरतेय, असं तिला ओरडायचं होतं, पण तोंड उघडेना. ज्या उन्हासाठी एवढा आटापिटा केला, ते कपड्यांवर पडून वाया चाललं होतं.

"बघा," सिंहीणबाई सगळ्यांना म्हणाल्या, "किती स्थिर बसलीये! डोळेसुद्धा वर करत नाही. याला म्हणतात वळण. नाहीतर तुम्ही!"

सगळ्या आक्कासारख्या ताठ बसू लागल्या. अस्वलीण हुडहुडी दाबून बसली. हत्तिणीने श्वास रोखला आणि तिला भोवळ आली, त्याचंही कौतुक झालं.

बसल्या बसल्या अस्वलिणीच्या मनातून त्या बाह्या काही जाईनात. तिने हळूच मावशीला गाठलं. "मला तस्साच पोशाख हवा. उरलेलेही केस घे."

"तसला एकच होता माझ्याकडे. आक्काने नेला."

"मग तोच आण."

बोहारणीचा धंदा, बाळांनो, माया बघत नाही. मावशी तुरुतुरु शिळेवर चढली आणि आक्काच्या कानाशी लागली. "आक्के, बाह्या दे. तुला टरफलं परत देते, वर एक वाटी." आक्का बोलेना. "बरं, दोन वाट्या." आक्का ढिम्म. "चांगलीच घासाघीस करतेस की!" असं म्हणून मावशीने एक बाही धरून हिसका मारला. बाहीबरोबर कात आली. कातीबरोबर ओढणी आली. वाळका घागरा मावशीच्या काट्यांत अडकला आणि तिच्याबरोबर फरफटत गेला.

घोरपडआक्का भर शिळेवर, भर सभेत, जन्माला आली होती तशी उघडी पडली.

"डोळे मिटा!" सिंहीणबाई गरजल्या. "जी बघेल ती निर्लज्ज!"

सगळ्यांनी गच्च डोळे मिटले. ऊन आक्काच्या पाठीवर पडलं. पाठ सैल झाली, मग मान, मग जीभ. तिला रडू आलं, आणि रडता येतंय म्हणून हसूही आलं. तिने चारही पायांच्या नख्या शिळेत रोवल्या. घोरपड एकदा चिकटली की निघत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

"हाकलून द्या तिला!" सिंहीणबाई म्हणाल्या.

"द्या की," हत्तीण म्हणाली. "पण ती आहे कुठे? बघायचं नाहीये ना?"

बघितल्याशिवाय धरता येईना, आणि बघावं तर आपणच निर्लज्ज. मंडळाने पुष्कळ खल केला आणि शेवटी नवा ठराव झाला की शिळेवर बसताना सर्वांनी डोळे मिटूनच बसावं.

मग एक गंमत झाली. डोळे मिटल्यावर अस्वलिणीने ओली शाल हळूच पायाखाली ढकलली. सशिणीने टोपडं काढलं. लांडोरताईंनी झगा उतरवला. तंबूचं जाड कापड खाली पडल्याचा धप्प आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला आणि कुणीही ऐकला नाही. केस गेलेल्या, लव गेलेल्या, सगळ्या आक्काला बिलगून ऊन खात बसल्या.

पोशाखाची स्पर्धा त्या जंगलात अजून दरवर्षी होते. परीक्षक डोळे मिटून निकाल देतात. पहिला क्रमांक दरवर्षी सिंहीणबाईंचा येतो, आणि साधेपणाचं विशेष पारितोषिक आक्काला मिळतं.

तात्पर्य : कमी पैशांत अंगभर आणि शोभिवंत पोशाख हवा असेल, तर स्वतःच्या अंगावर काही घालू नये. शेजारणीला 'जी बघेल ती निर्लज्ज' अशी भीती घालावी. ती डोळे मिटते, आणि आपण सजतो.